शेवटचं बटण

आमच्या घरात एकाही कोटाला शेवटचं बटण नाही. गावाला वाटतं, सूनबाई आळशी. वाटू दे. खरं कारण सांगायची मला बंदी होती, आणि माझ्यासारखीच्या पोटात एखादी गोष्ट वर्षानुवर्षं राहते म्हणजे काय हाल होतात ते मलाच ठाऊक.

माझ्या सासूबाई पार्थेना काळ्या समुद्राकाठच्या, तुर्कस्तानातल्या त्रापेझुंदच्या डोंगरातल्या. त्या लहान असताना सगळं गावच्या गाव उठवलं गेलं, आणि आईबापांबरोबर जहाजातून त्या इकडे ग्रीसमध्ये, कोझानीजवळच्या आमच्या गावात येऊन पडल्या. मी लेम्नोस बेटावरची. लग्न होऊन आले त्या दिवसापासून ते जहाज ऐकतेय. जेवताना जहाज, शेंगा सोलताना जहाज. सांगताना त्यांचे हात असे उडायचे की आधी कप लांब सरकवावे लागत. पण गोष्ट थोरल्या बहिणीपाशी आली की हात मांडीवर यायचे. अनातोलीचं लग्न आधीच झालं होतं, तिच्या सासरचे रशियाच्या बाजूला गेले. काही वर्षं पत्रं आली, मग तीही थांबली. सासूबाईंची आई मरताना म्हणाली होती, "ती सापडली की मला पहिलं सांग." आईचा फोटो देवाच्या तसबिरीखाली ठेवलेला. सासूबाई रोज तो पुसायच्या आणि दरवेळी मान खाली घालायच्या.

त्या वर्षी सोव्हिएत देश मोडत होता आणि रशियानं कधीकाळी कझाकस्तानात हाकललेली आपली ग्रीक माणसं बस भरभरून येत होती. डिसेंबरात एक पन्नाशीची बाई दारात उभी राहिली, हातात दोरीनं बांधलेली बॅग.

"मी एव्हगेनिया. अनातोलीची मुलगी. मावशी, आई गेली तीन वर्षांपूर्वी."

सासूबाईंनी वळून आईच्या फोटोकडे पाहिलं. मग सावरून म्हणाल्या, "मावशी म्हणू नकोस. अजून नाही."

त्यांचंही चुकलं नव्हतं. आदल्या वर्षी एक जण भाचा म्हणून आला, आठवडाभर आडवा हात मारून जेवला आणि दुसऱ्याच कुठल्या पार्थेनाचा निघाला. एव्हगेनियाकडे कागद म्हणाल तर नवऱ्याच्या रशियन आडनावाचे. तिला माडीवरची खोली दिली आणि दुसऱ्या दिवसापासून तिची परीक्षा सुरू झाली.

"आमच्या कुत्र्याचं नाव काय होतं?"

"आईनं कुत्र्याचं कधी सांगितलं नाही."

"अंगणातून काय दिसायचं?"

"डोंगर."

"डोंगर! डोंगरात राहून दुसरं काय दिसणार?"

"आई, पाहुणी आहे ती," माझा नवरा लाझारोस म्हणाला. "शाळेतली पोर नाही."

"तू गप्प बस. तुझी मावसबहीण असेल तर कळेलच."

एखादं उत्तर बरोबर आलं की त्यांचे डोळे लकाकायचे आणि लगेच विझायचे. एकदा चुलीपाशी मला म्हणाल्या, "अगं स्तमाता, हिला जे येतं ते मीच गावभर सांगत सुटलेय. बसमधून उतरताच कुणीही कानात घातलं असेल. आता खरं कुठलं आणि माझंच मला परत आलेलं कुठलं? ही खोटी निघाली तर आईला काय तोंड दाखवू?" त्यांना ती हवी होती, इतकी हवी होती की त्यांना स्वतःचाच भरवसा वाटेना. मला तर रडू येत होतं, आणि रागही.

नव्या वर्षाची पहाट आली. आमच्याकडे त्या पहाटे बायका झऱ्याला खाऊ घालायला जातात. तोटीपाशी अक्रोड, सफरचंद, गहू ठेवायचे, नवं पाणी भरायचं आणि घरात शिंपडायचं. तोवर तोंडातून शब्द काढायचा नाही. काढला तर वर्षाचं भाग्य वाटेतच सांडलं.

आणि आता बटणाचं. सासूबाईंची आई नवी नवरी असताना त्या पहाटे झऱ्यावर गेली आणि बघते तर गहू-अक्रोड घरीच राहिलेले. बोलायचं नाही, रिकाम्या हातानं परतायचं नाही, आणि घरी सासू म्हणजे साक्षात वाघीण. तिनं अंगातल्या जाकिटाचं शेवटचं बटण दातानं तोडलं आणि झऱ्याला वाहिलं. त्याच वर्षी अनातोली झाली. तेव्हापासून आमच्या घरच्या बाया खाऊबरोबर एक बटण ठेवतात, दातानंच तोडलेलं. पण सासूची चोरी ती चोरी, म्हणून फक्त लेकीसुनांना सांगायचं. जहाज गावभर सांगणाऱ्या सासूबाईंनी हे मात्र लाझारोसलासुद्धा कधी सांगितलं नाही.

"मी पण येऊ?" एव्हगेनियानं विचारलं.

"गावातल्या सगळ्याच येतात," सासूबाई तुटकपणे म्हणाल्या. "पण उंबऱ्याबाहेर पाऊल पडलं की तोंड बंद."

चढावर सासूबाईंना दम लागला. त्या दगडावर टेकल्या आणि त्यांनी हातानंच खूण केली, तुम्ही व्हा पुढे. एव्हगेनिया पुढे झाली. तोटीपाशी अक्रोड ठेवले, सफरचंद ठेवलं. झालं, असं मला वाटलं. पण तिचा हात कोटावर चाचपडायला लागला. कोट चर्चमधून मिळालेला, गळ्यापासून खालपर्यंत चेन. तिनं खिसे उलटे केले. इकडं बघितलं, तिकडं बघितलं. मग त्या थंडीत चेन सर्रकन खाली ओढली, आतल्या ब्लाउजचं टोक वर केलं, मान वाकवली आणि कट्‌ करून दातानं बटण तोडलं.

तांब्या छातीशी धरून मी वळून बघते तर सासूबाई उभ्या! दम कुठल्या कुठे गेलेला, एक हात तोंडावर, डोळ्यांतून धारा. मला हातवारे करून विचारतायत, तू सांगितलंस? मी जोरजोरात 'नाही' म्हणून मान हलवली. पुन्हा विचारलं. देवाशपथ म्हणून मी क्रूसाची खूण केली.

कसाबसा खाऊ वाहिला, तांबे भरले. आणि बोलायचं नाही! देवा, काय तो रस्ता! सासूबाई पुढे धावतायत, तांब्यातलं पाणी हिंदकळतंय, मागे मी, आणि काहीच न कळलेली एव्हगेनिया कोट सावरत सर्वांत मागे. वळणावर शेजारची मारिगो, तिचं पाणी कधीच शिंपडून झालेलं, नेम विसरून खिडकीतून ओरडली, "काय गं पार्थेना, भाची खरी की खोटी?" सासूबाईंनी ओठ असे आवळले की पांढरे पडले. मारिगोला वाटलं, भांडण झालं. तिनं खिडकी आपटून लावली.

घरात शिरताच चारी कोपऱ्यांत पाणी उडालं, अर्धं लाझारोसच्या तोंडावर. तो "अगं आई!" म्हणून ओरडतोय तोवर सासूबाई तसबिरीपाशी पोचल्या होत्या. वर्षाचा पहिला शब्द त्यांनी फोटोला सांगितला.

"आई, सापडली गं! तुझ्या अनातोलीची लेक सापडली!"

मग गर्रकन वळल्या आणि एव्हगेनियाचे दोन्ही दंड धरून तिला गदागदा हलवायला लागल्या.

"मूर्ख बाई! इतके दिवस मी कुत्रं विचारतेय, डोंगर विचारतेय! बटणाचं का नाही बोललीस? एका शब्दात काम झालं असतं!"

एव्हगेनिया घाबरून म्हणाली,

"ते कसं बोलणार? आईनं मरताना बजावलं होतं. बटणाचं कुणालाही सांगायचं नसतं ना, मावशी."

सासूबाईंचे हात थांबले.

"परत म्हण," त्या म्हणाल्या.

"कुणालाही सांगायचं नसतं."

"ते नाही गं. त्याच्या पुढचं."