बोटभर उंच

मी एक काठी बोलतेय. जे सांगेन ते खरंच सांगेन. खोटं बोलले तर मला वाळवी लागो. आता वाळवी मला आधीच लागलेली आहे, तेव्हा या शपथेत फारसा दम नाही. तरी ऐका.

नाईलकाठच्या गवताळ रानात, गुरांच्या तळावर माझा जन्म झाला. अतेम मामाने मला बाभळीवरून तोडलं, शेणीच्या धगीवर शेकून सरळ केलं, लोणी चोळचोळून असं गुळगुळीत केलं की माझ्यावर माशा बसायच्या आणि घसरून पडायच्या. बरं, माशा नाही. एक माशी. पण पडली, हे खरं.

मामाने मला भाच्याच्या, कुओलच्या हातात दिलं. म्हणाला, "हिच्याहून उंच झालास की मालुआल तुझा."

मालुआल म्हणजे तळावरचा तांबडा बैल. आमच्याकडे पोराला स्वतःचा बैल मिळतो, त्या बैलाच्या रंगावरून पोराला नवं नाव पडतं, तो बैलावर गाणी रचतो, तेव्हा कुठे त्याला माणसांत धरतात.

झालं! कुओलला वेडच लागलं. सकाळी दूध पिऊन, अंगाला राख फासून तो मला उभी धरायचा आणि पाठीला पाठ लावायचा. धाकटी बहीण न्यिबोल पालथ्या टोपलीवर चढून निकाल द्यायची.

"दोन बोटं कमी."

"नीट बघ, आंधळे!"

"मान ताणून बेडकाचा करकोचा होत नसतो, भाचेबुवा," मामा चिडवायचा.

आणि त्याची आई, अयेन, धार काढता काढता ओरडायची, "ताठ उभा राहा रे! आपल्यात कोणी वाकून उभं राहतं का?"

मग लढाई आली. दूर राजधानीत मोठ्या माणसांचं खुर्चीवरून बिनसलं होतं म्हणे. त्यांच्या घरातलं एकही पोर कुणी काठीशी मोजलं नाही, एवढं मी छातीठोक सांगते, छाती नसली तरी.

एका दुपारी बंदूकवाले तळावर घुसले. त्यांनी पोरांची रांग लावली. वयाचा दाखला कोणाकडे असणार? म्होरक्याने कुओलच्या हातून मला हिसकावलं. "हिच्याहून उंच तो शिपाई. बुटक्यांनी आईकडे जायचं."

गुरं वळायला जन्मलेल्या मला त्या मेल्याने माप केलं! एका पोराचा पुढचा दुधाचा दात कालच पडला होता. पण आमची माणसं उंच. गेला. अतेम मामा आडवा आला, तर बंदुकीच्या दस्त्याने त्याचं तोंड फोडलं.

कुओलची पाळी आली. बायकांच्या घोळक्यातून अयेन दबक्या आवाजात म्हणाली, "गुडघे वाकव, बाळा. वाकव."

आणि तो मूर्ख, माझा लाडका मूर्ख, सवयीने टाचा जुळवून ताठ उभा राहिला.

तेव्हा मी वाढले. मूळ नाही, पान नाही, चार वर्षं वाळलेली मी, सगळं बळ एकवटून बोटभर वाढले. म्होरक्याने दोनदा डोळे चोळले. "हट्, बुटका! हाकल याला." अयेन दोन्ही पोरं घेऊन सरहद्दीपार पळाली.

याला सहा वर्षं झाली. आता छावणीत धान्याच्या रांगेत अयेन मला टेकून उभी असते.

"पोरं किती?" वहीवाली बाई विचारते.

"दोन."

"इथे एकच दिसते."

"मोठा गुरांकडे गेलाय."

छावणीत गुरं नाहीत. बाई काही लिहीत नाही.

परवा न्यिबोलने खेळता खेळता मला उभं धरलं, पाठीला पाठ लावली आणि हाक मारली, "आई, बघ! थोडंच राहिलं!"

अयेन हातातलं पातेलं टाकून धावली. "वाक! वाक म्हणते ना!"

आता कबूल करते. माशी खरी होती. तोडलेलं लाकूड मात्र वाढत नाही. त्या दुपारी मी तसूभरही वाढले नाही. कुओल माझ्याहून बोटभर उंच भरला, आणि आनंदाने ओरडला, "आई, झालो! बघ, झालो!" त्यांनी त्याला नेलं. मालुआलला तिथेच कापून खाल्लं. आणि काम झाल्यावर मला शेणात फेकून दिलं; तिथून अयेनने उचललं.

मला चुलीत घाला, असं मी रोज मनात ओरडते. अयेन घालत नाही. कुओल आला की काठी मागेल, म्हणते.

तेव्हा आता वाळवीलाच हात जोडते. बाई गं, जरा भराभर खा. न्यिबोल वाढतेय.