सील ठोकलेला तुकडा

अध्यक्षांच्या चष्म्याच्या काचा त्या वर्षी फार स्वच्छ होत्या.

*

चांगल्या घरच्या पोरांच्या अंगाला आंबूस वास यायला लागला. आया म्हणायच्या, येऊ दे वास, धुवायचं नाही.

*

एक अख्खी बस. आत एकच मुलगी. ती खिडकीकडे बघत नव्हती, कारण खिडकीबाहेर सगळे तिच्याकडे बघत होते.

*

"साबण कुठला वापरता हो बाई?" असं दुकानदाराने हळूच विचारलं आणि तो हसला.

*

"शंका आल्यास सील केलेला नमुना अंतिम मानावा." हे वाक्य कायद्यात कोणी घातलं ते कोणाला आठवत नव्हतं. जो तो म्हणायचा, मी नाही बुवा.

*

तर आता नीट सांगू.

बसवर एक मदतनीस होती. बस मागे घेताना ती खाली उतरून शिट्टी फुंकायची, म्हणून पोरांनी तिचं नाव शिट्टी ठेवलं, आणि पुढे ड्रायव्हरपासून मंडळाच्या शिपायापर्यंत सगळे तिला तेच म्हणायला लागले. नोकरी हंगामी. शाळेला सुट्टी लागली की नोकरी गेली, शाळा उघडली की पुन्हा मंडळाच्या दारात उभं राहायचं, पुन्हा हात जोडायचे. इतर इच्छा तिने एकेक करून सोडून दिल्या होत्या. कायम व्हायची तेवढी राहिली होती.

त्या वर्षी राजधानीत कायदा झाला. मुलांनी काय घालायचं, ते कुठून विकत घ्यायचं आणि शाळेत कशातून यायचं, या तीन गोष्टींचे नियम आता शाळा मंडळाने करायचे. कलमं तीन वेगवेगळी होती. मंडळातल्या हुशार माणसांनी त्यांची वेणी घातली. गणवेश नेमलेल्या दुकानातूनच घ्यायचा. त्याचा रंग नमुन्याशी जुळला पाहिजे. जुळला नाही तर पोराला बसमध्ये घ्यायचं नाही. शाळा खाणीच्या पलीकडे, मधल्या रस्त्यावर डंपरची रांग. बस नाही म्हणजे शाळा नाही, हे सांगायला वेगळ्या कलमाची गरज नव्हती.

नमुना म्हणजे तळहाताएवढा बाटलीहिरव्या कापडाचा तुकडा, कोपऱ्यात शिशाचं सील ठोकलेलं. असे दोन केले होते. एक मंडळाच्या कपाटात आणि एक शिट्टीच्या गळ्यात, शिट्टीच्याच दोरीला. मंडळाकडे बस एकच होती, त्यामुळे दोन पुरे. कपाटातला तुकडा अध्यक्षांनी एकदा चष्मा पुसायला काढला, मऊ लागला म्हणून घरी नेला, आणि विषय तिथेच संपला.

राहिला शिट्टीच्या गळ्यातला.

*

दुकानातलं कापड दिसायला झकास, पाण्याला भित्रं. चार वेळा धुतलं की बाटलीहिरव्याचं शेवाळ व्हायचं. शिट्टी बसच्या दारात उभी राहायची, चढणाऱ्या पोराची बाही धरायची, तुकडा लावायची.

"उतर."

"अहो, ह्याच दुकानातून घेतलाय," पोराची आई खालून ओरडायची. "पावती दाखवू का?"

"पावतीला काय करू? मला रंग दाखवा."

"धुतल्यावर रंग जाणारच ना बाई!"

"मग धुता कशाला?"

ड्रायव्हर स्टिअरिंगवर डोकं टेकवून हसला. हे वाक्य गावभर झालं. शिट्टीला आपल्या वाक्याचं कौतुक वाटलं; घरी आरशासमोर तिने ते एकदा पुन्हा म्हणून पाहिलं. आयांनी मात्र ते मनावर घेतलं. धुणं बंद झालं. गडद आणि कळकट पोरं बसमध्ये, फिकी आणि स्वच्छ पोरं रस्त्यावर. बसमध्ये खिडक्या उघड्या ठेवाव्या लागायच्या.

एकच स्वच्छ पोरगी बसमध्ये टिकून होती. सगळ्यात मागची सीट, कोपरा. नाव मुंगी, कारण चालायची तशीच, खाली मान घालून आणि लगबगीने. मुंगी शिट्टीच्या धाकट्या बहिणीची मुलगी. हे बसमध्ये कोणाला माहीत नव्हतं. शिट्टीने तिला पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "बसमध्ये मला मावशी म्हणायचं नाही. ताई म्हणायचं, सगळे म्हणतात तसं. आणि मागे बसायचं, गुपचूप."

"आणि घरी?"

"घरी काय हवं ते म्हण."

मुंगी चढली की शिट्टी तिची बाही धरायची, तुकडा मात्र आपल्या मुठीत दाबून ठेवायची.

मुंगीची आई दवाखान्याच्या धुलाईघरात चादरी उकळायची. मुंगीचा युनिफॉर्म एकच, आणि तो रोज धुवायचा म्हणजे धुवायचा. शिट्टी सांगून थकली.

"ताई, लोकांचं रक्तपू धुते मी दिवसभर," धाकटी म्हणायची, "आणि माझीच पोरगी घाणेरडी पाठवू? लोक काय म्हणतील?"

"लोकांचं सोड, कायदा काय म्हणतो ते बघ."

"कायद्याला म्हणावं, ये एकदा आमच्या धुलाईघरात. तुलाही उकळून काढते."

*

मग ड्रायव्हर एका सकाळी म्हणाला, "शिट्टे, सोमवारी निरीक्षक बसमध्ये चढणार. तुझं कायम होण्याचं प्रकरण त्यांच्याच टेबलावर आहे. एक एक पोर तपासणार म्हणे. ती मागची फिकट पोरगी आधीच उतरव, नाहीतर ती चढेल बसमध्ये आणि तू जाशील घरी."

शिट्टी रविवारी बहिणीकडे गेली. युनिफॉर्म दिव्याखाली धरला, तुकडा त्याच्यावर ठेवला. बाजूबाजूला ठेवलेले शेवाळ आणि बाटली.

"सोमवारी घरी ठेव तिला," ती म्हणाली.

"आणि मंगळवारी?"

शिट्टीने तुकडा उचलला आणि पुन्हा बाहीवर ठेवून पाहिला. मुंगी मधे बसून दोघींकडे आळीपाळीने बघत होती. मग म्हणाली, "मावशी, माझा काही गडद होणार नाही. पण तुझा फिका होईल ना?"

धाकटी आधी हसली. "बघ! वकील निघाली कार्टी."

मग धाकटीने पाणी तापवायला ठेवलं.

सील शिशाचं, त्याला काही झालं नाही. तुकडा उकळला, चोळला, पुन्हा उकळला. धाकटीचे हात त्या कामाचे राजे. शेवटी तो मुंगीच्या बाहीवर ठेवला तर तुकडा कुठे संपतो आणि बाही कुठे सुरू होते ते कळेना. तिघी इतक्या हसल्या की शेजारीण भिंतीवर थापटायला लागली.

एकीशी जुळवला की बाकी सगळ्यांशी तुटतो, एवढी साधी गोष्ट शिट्टीच्या डोक्यात आली नाही. तिला वाटलं होतं, कायदा म्हणजे मुंगी आणि ती, दोघींमधलंच काहीतरी आहे.

*

निरीक्षक बारीक अंगाचा, वस्तू नाकाशी धरून बघणारा. पहिल्याच थांब्यावर पहिलीच पोरगी अध्यक्षांची नात. कोरा करकरीत, बाटलीहिरवा, इस्त्रीची घडी अजून उभी. निरीक्षकाने शिट्टीच्या गळ्यातला तुकडा दोरीसकट ओढला, शिट्टीची मान खाली आली.

"जुळत नाही."

"साहेब, ती अध्यक्षांची..."

"मी रंग बघतोय. माणसं नाही."

 उतर. दुसरा, उतर. तिसरी, उतर. थांब्यामागून थांबे, आणि प्रत्येक ठिकाणी आया आ वासून उभ्या, कारण ज्या रंगासाठी पोरांना आठवडेच्या आठवडे कळकट ठेवलं तोच रंग आता खोटा ठरला होता. शेवटच्या थांब्यावर मुंगी चढली. निरीक्षकाने बाहीला तुकडा लावला, नाकाशी नेला, आणि सकाळपासून पहिल्यांदा त्याचा चेहरा सैल झाला.

"ही बघा," तो म्हणाला. "कायदा पाळणारं एक तरी घर आहे."

बस शाळेत गेली. आत एकच मुलगी.

*

मंडळाची बैठक लगेच भरली. अध्यक्ष लाल झाले होते. "कपाटातला तुकडा आणा! त्याच्याशी ताडून बघू." कपाट उघडलं, रिकामं. अध्यक्षांनी चष्मा काढला, पुसला, आणि पुसता पुसता फडक्याकडे पाहून ते घाईने खिशात कोंबलं. खिशात परत ठेवलेलं फडकं इतकं पुसून पुसून विरलं होतं की त्याला रंगच उरला नव्हता, आणि सील केव्हाच गळून पडलं होतं.

दुकानदाराला बोलावलं. त्याने शिट्टीच्या गळ्यातला तुकडा दोन बोटांत धरला. अंगठ्याने चोळला. वाकून हुंगला. त्याचं तोंड शिट्टीच्या कानाजवळ आलं होतं.

"साबण कुठला वापरता हो बाई?"

आणि तो हसला.

दुकानदार ताठ झाला आणि मंडळाकडे वळला. "माझीच चूक," तो म्हणाला. "कारखान्याकडून माल गडद आला. नमुना हाच, सील जागेवर आहे, आणि कायदा सांगतो नमुना अंतिम. सगळ्यांनी नवीन घ्यायला हवेत. मी रंग जुळवून देतो. आणि साहेब, ह्या बाईंनी तुकडा इतका जिवापाड जपला, असं माणूस हंगामी ठेवणं बरं दिसत नाही."

सगळ्यांनी माना डोलावल्या. शिट्टी कायम झाली. जिन्यात दुकानदार तिला म्हणाला, "आता तुकडा धुवायचा नाही हं. मला एवढ्यात पुन्हा माल बदलायला जमणार नाही."

*

सगळ्या घरांनी दुसऱ्यांदा खरेदी केली. ज्यांना जमलं नाही त्यांची पोरं खाणीवर दगड वेचायला गेली. बसमध्ये आता सगळीकडे शेवाळी रंग, नवा, कडक. मुंगीशेजारी कोणी बसेना. त्या दिवशी ही एकटीच बसली होती, हे पोरं विसरली नव्हती. अध्यक्षांच्या नातीने तिच्या सीटवर च्युइंग गम चिकटवून ठेवलं. मुंगीने ते नखाने खरवडून काढलं आणि त्याच जागी बसली.

आणि घरी धाकटी रोज युनिफॉर्म उकळत होती.

"ताई, जुळतोय ना अजून?"

"जुळतोय," शिट्टी म्हणायची. जुळत नव्हता. शेवाळ मागे पडलं होतं, आता पाण्याचा रंग उरला होता.

निरीक्षक पुन्हा आला तेव्हा कोणी आधी सांगितलं नाही. बसमध्ये मागे दुकानदारही उभा होता, आपला माल कसा दिसतो ते बघायला. मुंगी पायरी चढली. निरीक्षकाने हात पुढे केला, दोरी ओढली, तुकडा बाहीला लावला.

"ही तीच ना? आता जुळत नाही. उतर गं."

मुंगीने शिट्टीकडे पाहिलं. पोरगी शहाणी होती, इतके दिवस चुकूनही तोंडातून शब्द निघाला नव्हता. पण खाली डंपर धुरळा उडवत चालले होते, आणि तिला एवढंच सुचलं की हे आपण एकदा सोडवलंय.

"मावशी," ती म्हणाली, "परत धू ना तो."

 ड्रायव्हरने आरशातून पाहिलं. दुकानदाराने खिडकीबाहेर पाहिलं.

"काय धुवायचं?" निरीक्षकाने विचारलं.

"तुकडा. आईने उकळला होता ना मागे. रविवारी."

निरीक्षक सावकाश शिट्टीकडे वळला. "तुमची कोण ही?"

 शिट्टी कायम होऊन काही दिवसच झाले होते. नेमणुकीचा कागद अजून घडीतच होता.

"कोणी नाही, साहेब," ती म्हणाली. आणि एवढ्यावर थांबली असती तरी चाललं असतं, पण घाबरलेलं माणूस जरा जास्तच बोलतं. "खोटारडी आहे. पहिल्यापासून. बसमधल्या सगळ्यांना विचारा."

निरीक्षकाने विचारलं. बसमधल्या सगळ्यांनी हो म्हटलं. अध्यक्षांच्या नातीने तर हात वर करून म्हटलं.

अधिकाऱ्यासमोर खोटं बोलणाऱ्या मुलाची वाहतूक बंद करायचीही तरतूद होती. कायदा करणाऱ्यांनी काहीच सोडलं नव्हतं. निरीक्षकाने मुंगीचं बसचं ओळखपत्र मागितलं. तिने ते दोन्ही हातांनी दिलं, शाळेत शिकवतात तसं. उतरताना ती म्हणाली, "सॉरी, ताई."

दार बंद झालं. बस वळवायची होती, म्हणून शिट्टी खाली उतरली, मुंगीपासून हाताभर अंतरावर उभी राहिली आणि तिने शिट्टी फुंकली. बस मागे आली, वळली. शिट्टी चढली.

धाकटीने नंतर बहिणीसाठी दार उघडलं नाही. मुंगी आता धुलाईघरात चादरींच्या घड्या घालते. हात चांगला बसलाय, असं तिथली मुकादम म्हणते.

*

तुकडा धुतला त्या रविवारी तो वाळत घालताना मुंगीने त्याला दोन्ही बाजूंनी चिमटे लावले होते, वाऱ्याने उडून मावशीची नोकरी जाऊ नये म्हणून.