अध्यक्षांची फिल्म

कृष्णकांतजींची फिल्म रखडवायची असं काजलने ठरवलं, तेव्हा तिला जराही अपराधी वाटलं नाही. उलट इतक्या वर्षांनी हा माणूस आपल्या तावडीत सापडला, याचाच तिला आनंद झाला.

कृष्णकांत हे विणकरांच्या सोसायटीचे जुने अध्यक्ष. रविवारी संध्याकाळी त्यांच्या पंच्याहत्तरीचा सत्कार होता आणि त्यात त्यांच्या आयुष्यावरची फिल्म दाखवायची होती. काम आलं होतं चेतनच्या स्टुडिओकडे. चेतन मूळचा सावनेरचा. इतवारी बाजारात त्याने एक गाळा घेतला होता. शूटिंग तो करायचा, एडिटिंग काजल करायची आणि धंदा दोघांचा होता. मात्र या अध्यक्षांनी काजलच्या आईचं काय केलं होतं, हे चेतनला माहीत नव्हतं. काजलने ते कधी कुणाला सांगितलंच नव्हतं.

तिची आई मैनाबाई सोसायटीसाठी साड्या विणायची. एका वर्षी तिच्या साडीला राज्याचं बक्षीस लागलं. समारंभात नाव पुकारलं गेलं, मैनाबाई स्टेजवर चढली आणि कृष्णकांतांनी तिला खाली उतरवलं. बक्षीस घेतलं त्यांच्या मुलीने, रुचिकाने. पेपरात फोटो आला तोही रुचिकाचाच. मैनाबाई घरी आली, आणि त्यानंतर ती कधी मागावर बसली नाही. पुढे माग मोडून भंगारात गेला आणि ती लोकांच्या घरी पापड लाटायला जाऊ लागली. काजल तेव्हा शाळेत होती. आईच्या तोंडून तिने हे तुकड्यातुकड्याने ऐकलं होतं, आणि ऐकलेला एकही तुकडा ती विसरली नव्हती.

कृष्णकांतांकडून आलेलं फुटेज म्हणजे नुसती खिचडी होती. नातवंडांनी मोबाईलवर काढलेले व्हिडिओ, पुतण्याच्या ड्रोनने टिपलेलं शेत, लग्नाच्या कॅमेऱ्यातले प्रसंग, आणि कुणीतरी कॉम्प्युटरवर उतरवून ठेवलेल्या हँडीकॅमच्या जुन्या टेपा. प्रत्येकाचा आकार वेगळा, सेकंदाला चित्रं किती तेही वेगळं. अशा वेळी सगळं आधी एका फॉरमॅटमध्ये आणून घ्यायचं आणि मगच कापायला बसायचं, हे काजलला चांगलं ठाऊक होतं. तिने तसं केलं नाही. जे जसं आलं तसंच तिने एडिटिंगच्या टाइमलाइनवर ओतलं. फुटेज जुन्या, सुस्त हार्डडिस्कवरच राहू दिलं. टेपांवरचे मुंग्यांसारखे ठिपके काढायला भलतेच जड इफेक्ट एकावर एक चढवले. आता प्रत्येक चित्र उघडताना, धुताना, मापात बसवताना मशीनचा जीव निघणार होता. शनिवारी सकाळी तिने रेंडर लावला, म्हणजे सगळे तुकडे जोडून अखंड फिल्म बनवायचं काम मशीनवर सोडलं. काम सोमवारी संपेल, असं मशीननेच सांगितलं. काजलने निवांत चहा मागवला.

थोड्या वेळाने अध्यक्षांचा फोन आला.

"काजलबाई, झाली का फिल्म?"

"रेंडर चालू आहे जी. आता सगळं मशीनच्या हाती."

"जुन्या टेपा घेतल्या ना? माझं खरं काम तर त्यातच आहे."

"सगळ्या घेतल्या," ती गोड आवाजात म्हणाली.

फोन ठेवल्यावर तिला भरलेला हॉल दिसू लागला. स्टेजवर फेटा बांधून बसलेले कृष्णकांत, समोर कोरा पडदा, आणि माईकवर कुणीतरी ततपप करत माफी मागतंय. चारचौघांत नाव पुकारलं जाऊन हाती काहीच न येणं कसं असतं, ते त्यांना एकदा कळायला हवं होतं.

पण दुपारी चेतन दारात उभा. तो भिवापूरला लग्नाच्या शूटिंगला गेला होता आणि रविवार संध्याकाळपर्यंत येणार नव्हता.

"नवरदेवाच्या घरी सुतक पडलं वं. लग्न पुढं गेलं," तो बॅग टेकवत म्हणाला. मग त्याची नजर स्क्रीनवर गेली. "हे काय? सोमवार? प्रोग्राम तर उद्या आहे ना?"

"फुटेजच तसं आहे. काय करू?"

"काय करू म्हणजे? मलेच तर तू शिकवलं होतं हे सारं." त्याने वाकून टाइमलाइन पाहिली आणि तो चक्रावला. "तू काहीच कन्व्हर्ट नाही केलं? काहून?"

"राहू दे चेतन. नाही झालं तर नाही झालं. सांगून देऊ त्यांना."

"अन् मंग पुढच्या सीझनले आपल्याले कोण बोलावन? सरक तू."

त्याला थांबवायचं तर कारण सांगावं लागलं असतं. काजल खुर्चीवरून उठली.

चेतनने चालू रेंडर बंद केला. सगळं फुटेज आधी मशीनच्या आतल्या वेगवान डिस्कवर घेतलं. मग एकूण एक क्लिप हलक्या, एकाच फॉरमॅटमध्ये बदलायला लावली. मोबाईलची, ड्रोनची, टेपांची, सगळी एका मापात. टेपांची सफाई त्याने एकदाच करून घेतली आणि स्वच्छ झालेल्या क्लिपा नव्याने साठवल्या, म्हणजे मशीनला तेच ते पुन्हा धुवायला नको. मशीनचा वेग वाढवणारं ग्राफिक्स कार्ड काजलने बंद करून ठेवलं होतं, तेही त्याने चालू केलं. संध्याकाळी घरी जाताना तो शीळ घालत होता. काजलला त्याचा इतका राग कधीच आला नव्हता.

रविवारी सकाळी त्याने रेंडर लावला आणि तर्री-पोहे खाऊन येईस्तोवर फिल्म तयार.

"एकदा नजर मारून घे ताई. मी हॉलवर प्रोजेक्टर पाहून येतो," असं म्हणत तो निघाला.

काजल चडफडत बसली. मग जुन्या टेपा उघडल्या. आधी त्या अशा अडखळत चालत की तिने वरवरचे तुकडे घेऊन बाकीचं सोडून दिलं होतं. आता मात्र पाण्यासारख्या चालत होत्या. आणि एका टेपेत हिरव्या लुगड्यातली आई स्टेजच्या पायऱ्या चढताना दिसली.

निवेदक म्हणत होता, "विणकर, मैनाबाई." कृष्णकांत पुढे झाले. त्यांनी तिचं कोपर धरलं. आवाज स्पष्ट होता: "तुम्ही उतरा खाली. पेपरात फोटो जाणार आहे. रुचिका, ये बाळ." आई उतरली. शेवटच्या पायरीवर तिने वळून स्टेजकडे पाहिलं, आणि कॅमेरा दुसरीकडे फिरला.

काजलने तो तुकडा तीनदा पाहिला. डोकं थंड होतं. कोऱ्या पडद्याची तिला आता लाज वाटली. किती लहान गोष्ट मागत होतो आपण. "अध्यक्षांच्या घरातच विणकामाची परंपरा," असं निवेदन फिल्ममध्ये होतं आणि त्यावर रुचिकाचा बक्षिसाचा फोटो होता. फोटोच्या आधी तिने ती क्लिप लावली. आता बदललेला तेवढाच तुकडा रेंडर करायचा होता. पाणी पिऊन येईपर्यंत तो झालासुद्धा.

हॉल गच्च भरला होता. काजल मागे लॅपटॉपपाशी बसली. चेतन बाजूला उभा राहून स्टुडिओच्या जाहिरातीसाठी मोबाईलवर स्टेजचं शूटिंग करत होता.

क्लिप आली आणि गेली. हॉलमध्ये कुजबुज सुरू झाली. कृष्णकांत शेजारच्याकडे वळून म्हणाले, "ही बाई कोण?" समोरचा माईक चालू होता. सगळ्या हॉलने ते ऐकलं.

काजलला ते खरंच वाटेना. त्यांना आठवतही नव्हतं.

तेवढ्यात बायकांच्या रांगेतून गोपिकाबाई उठल्या. एकेकाळी त्या मैनाबाईंसोबत सोसायटीत विणकामासाठी सुताच्या कांड्या भरत.

"मैनाबाई आहे ते," त्या म्हणाल्या. "साडी तिनंच विणली होती. तुमाले मालूम होतं."

स्टेजवर वडिलांच्या बाजूला बसलेली रुचिका पांढरीफटक पडली. "बाबा, साडी सगळ्यांनी मिळून विणली असं तुम्ही सांगितलं होतं मला," ती म्हणाली. माईकने तेही उचललं.

"बस ना बाळ. नंतर बोलू."

ती बसली नाही. पायऱ्या उतरून, माणसांमधून वाट काढत, ती दाराबाहेर निघून गेली. तिच्यामागे गोपिकाबाई गेल्या, मग त्यांची अख्खी रांग. पडद्यावर ड्रोनमधून हिरवंगार शेत दिसत होतं, पण तिकडे कुणी पाहत नव्हतं. कृष्णकांत दाराकडे टक लावून बसले होते. फेटा एका बाजूला कलला होता आणि तो सावरायचं त्यांना सुचत नव्हतं.

काजलने हे सगळं डोळे भरून पाहिलं. रुचिकाचं जरा वाईट वाटलं, पण तेवढंच.

बाहेर सामान गाडीत भरताना चेतन म्हणाला, "मी जीव तोडून फिल्म टायमावर केली, अन् तू माह्या कामाचा असा वापर केला. एक शब्द सांगता येत नव्हता?"

"सांगितलं असतं तर ती क्लिप लावू दिली असती?"

त्याने गाडीचं मागचं दार लावलं. "नाही," म्हणाला, आणि तिला न घेताच गाडी काढून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्याकडून स्टेजच्या शूटिंगचा व्हिडिओ आला. सोबत शब्द एकही नव्हता. काजलने तो आईच्या हातात दिला. मैनाबाईने पापडाचं पीठ लागलेले हात पदराला पुसले, मोबाईल डोळ्यांजवळ धरला आणि सगळं नीट पाहिलं. गोपिका उठली ते, रुचिका उतरली ते, आणि नंतरचा अध्यक्षांचा चेहरा. मग मोबाईल परत केला.

"हे थोबाड मोठं करून नाही दाखवता येत काय वं?"

"येतं ना आई."

"मंग कर," असं म्हणत मैनाबाई भिंतीला टेकून, पाय पसरून बसली.