खोलीत दुसरं कोणी नको

खाते बंद करण्याचे कारण निवडा.

○ व्याजदर कमी वाटतो
○ दुसऱ्या बँकेत खाते आहे
○ ॲप वापरायला अवघड जाते
○ कारण सांगू इच्छित नाही

सांगायची इच्छा आहे पण सांगता येत नाही, असा पर्याय त्यात नव्हता. माझ्या नवऱ्याने दुसऱ्या ओळीवर बोट ठेवलं. खातं त्याच्या आईचं होतं. आई पलंगावर उशीला टेकून बसल्या होत्या आणि त्याच्या बोटाकडे बघत होत्या.

पुढे जा.

नाही, आधी मागे.

मागे जा.

गेल्या थंडीत आईंना झटका आला. उजवा पाय अर्धा परत आला, उजवा हात आलाच नाही. शब्दांचं म्हणाल तर डॉक्टर म्हणाले, यांना समजतं सगळं, फक्त शब्द बाहेर येताना वाट चुकतात.

वाट चुकतात म्हणजे असं. पाणी हवं असलं की आई "खिडकी" म्हणतात. खिडकी उघडायची असली तर "मंगळवार". हो म्हणायचं असलं तर "हो" म्हणतात आणि नाही म्हणायचं असलं तरी "हो"च. मान तेवढी खरं बोलते. एकच शब्द धडधाकट राहिलाय, "गाढवा". तो खणखणीत येतो आणि बरोबर त्याच माणसासाठी येतो.

जन्मभर त्यांनी चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवल्या. नोकरी संपली तेव्हा हे बचत खातं उघडलं, स्वतःच, कोणाला न विचारता. या बँकेला ना शाखा, ना काउंटर, ना शिपाई. सगळा कारभार फोनवर. "बरंय," तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, "कोणापुढे ताटकळत उभं राहायला नको. माझा पैसा, माझा अंगठा."

उजव्या हाताचा.

झटक्यानंतर खातं नवरा बघायला लागला. औषधं, वीज, मालीश करणारी बाई. माणूस सरळ आहे. एक पैसा इकडचा तिकडे केला नाही. फोन घ्यायचा, आईंचा निर्जीव हात मनगटाला धरून उचलायचा, अंगठा टेकवायचा, हात परत चादरीवर ठेवायचा. टीव्ही बघता बघता. मला काहीतरी सांगता सांगता. एकदा तर त्या झोपलेल्या असताना.

मग आई उजवा हात डाव्या हाताखाली झाकून बसायला लागल्या.

"आई, अगं वीज कापतील."

"गाढवा."

"बरं, गाढव तर गाढव. हात दे."

त्या देत नसत. तो सोडवून घेई. हळूच, पण घेई.

पुढे जा.

"खातंच बंद करून टाकू," तो मला स्वयंपाकघरात म्हणाला. "पैसे माझ्या खात्यात येतील. रोजची झटापट संपेल. तिच्यावरच खर्च होणार आहेत ना?"

"त्यांना विचारलंस?"

"काय विचारू? विचारलं तर मंगळवार म्हणेल."

"आणि बँकेने नाही म्हटलं तर?"

"तर डॉक्टरांचं पत्र घ्यायचं. स्वतःचे व्यवहार बघायला असमर्थ. मग पालक मी, सही माझी. एकदाच काय ते."

त्या पत्रानंतर आईंना कोणी काही विचारायची गरजच उरली नसती. पैशाचं नाही, औषधाचं नाही, कुठे राहायचं तेही नाही. मी हे बोलणार तोच भिंतीपलीकडे आईंची काठी जमिनीवर आपटली. एकदाच, पण चांगली जोरात.

"ऐकू आलं वाटतं," नवरा म्हणाला.

"कान शाबूत आहेत त्यांचे."

खाते बंद करण्यासाठी आवाजाची पडताळणी आवश्यक आहे. पडद्यावर दिसणारे चार अंक मोठ्याने वाचा.

"मंगळवार."

क्षमस्व. पुन्हा प्रयत्न करा.

"मंगळवार. खिड... मंगळवार."

क्षमस्व. यापुढील पडताळणी आमचे अधिकारी व्हिडिओ कॉलवर करतील. ही अंतिम संधी असेल. खातेदाराने खोलीत एकटे असावे. दुसरी व्यक्ती आढळल्यास अर्ज बाद होईल.

आणि त्याखाली, हसऱ्यापासून रडक्यापर्यंत पाच चेहरे: आजचा तुमचा अनुभव कसा होता?

"गाढवा," आई म्हणाल्या. तसा चेहरा त्यात नव्हता.

कॉलची वेळ पुढच्या आठवड्यातली मिळाली. नवरा डॉक्टरांशी पत्राचं बोलून आला. म्हणजे कॉल फसणार हे धरूनच चालला होता. मीही.

मग एका सकाळी मी चहात साखर घालताना सवयीने विचारलं, "किती?" आणि उत्तराची वाट न बघता चमचा उचलला.

"एक," आई म्हणाल्या.

मी थांबले.

"दोन."

आणि स्वतःच दचकल्या. मी दोन चमचे घातले. त्यांनी घोट घेतला आणि मान हलवली. हो, दोनच.

त्या दिवसापासून आम्ही दोघी हेच करत बसलो. सात हा आकडा त्यांना थेट येत नाही. तिथे मंगळवार येतो. पण एकपासून निघालं तर तोंडाला वाट माहीत असते, ते चालत जातं. अवघड असतं ते थांबणं. चारवर थांबायचं तर पाच ओठांवर आलेला असतो. घाम फुटायचा त्यांना. मी म्हणायचे, "राहू द्या आज," की काठी आपटायची.

नवरा कामावरून येऊन दारात उभा राहिला एकदा. "शाळा काढलीस का?" म्हणाला. आई "एक दोन तीन चार पाच" वर थांबल्या, त्याच्याकडे बघत. तो चपला काढायला गेला.

कॉल.

दार लोटलेलं. फोन आईंच्या समोर उशीला टेकवलेला. आम्ही दोघं बाहेर, फटीपाशी. फटीतून मला आईंचा अर्धा चेहरा दिसतो आणि डावा हात. अधिकाऱ्याचा फक्त आवाज.

– नमस्कार मॅडम. आपलं बोलणं रेकॉर्ड होतंय. खोलीत दुसरं कोणी आहे?

– हो.

– कोण आहे? त्यांना बाहेर जायला सांगा.

आई डाव्या हाताने फोन उचलतात. खोलीभर फिरवतात. कपाट, खुर्ची, औषधांचं टेबल, रिकामी भिंत. आम्ही फटीपासून मागे सरतो.

– बरं. कोणी नाही. मी चार अंक वाचतो, तुम्ही माझ्यामागून म्हणा. चार.

– एक दोन तीन चार.

– नाही मॅडम, फक्त चार.

– एक दोन तीन. चार.

(कागद सरकल्याचा आवाज.)

– अच्छा. म्हणजे चार. पुढचा, सात.

– एक दोन तीन चार पाच सहा सात.

– दोन.

– एक दोन.

– नऊ.

– एक दोन तीन चार पाच सहा सात आठ नऊ दहा. ...गाढवा!

– मला म्हणालात?

मान: नाही. तोंड: "हो."

(तो हसतो. लगेच आवरतो.)

– सावकाश, काकू. परत या. घाई नाही.

त्या परत निघाल्या. पाचपाशी श्वास घेतला. नऊवर थांबल्या. माझी नखं नवऱ्याच्या दंडात रुतली होती, हे त्याने हात सोडवला तेव्हा मला कळलं.

– झालं. आता शेवटचं. खातं बंद झाल्यावर सगळी शिल्लक तुमच्या मुलाच्या खात्यात जाईल, असं अर्जात आहे. ही तुमची इच्छा आहे?

– हो.

नवऱ्याने श्वास सोडला. "झालं," तो पुटपुटला.

– हो. हो. गाढवा. हो!

मान जोरजोरात नाही म्हणत होती. डावा हातही. मी नवऱ्याकडे बघितलं. फटीतून त्यालाही दिसत होतं. आत गेलो तर अर्ज बाद आणि मग डॉक्टरांचं पत्र. गप्प राहिलो तर रेकॉर्डवर "हो" होतंच, तेही चारदा. त्याने गप्प राहायचं ठरवलं की त्याला काही सुचलंच नाही, हे मला आजही माहीत नाही. मी विचारलेलं नाही.

– काकू, तुम्ही हो म्हणताय आणि मान नाही म्हणतेय. मी काय लिहू?

आईंचे ओठ हलले. काही आलं नाही.

– असं करू. एक म्हणजे पैसे मुलाला. दोन म्हणजे खातं आहे तसं चालू. आकडा सांगा.

"एक," आई म्हणाल्या.

"एक म्हणाली," नवरा कुजबुजला.

"थांब."

"अगं, एक म्हणाली ना स्पष्ट."

"थांब रे."

दोनकडे जायची त्यांची वाट एकवरून जाते, हे मला माहीत होतं. त्या माणसाला ठाऊक असायचं काय कारण? त्याच्या मागे दुसरे फोन वाजत होते. त्याचं बोट कुठे होतं कोण जाणे. आईंचे डोळे मिटलेले, गालाखालची शीर ताठ. अर्धी वाट झाली होती आणि तिथेच कोणीतरी दार लावून घेईल, असं वाटत होतं. मला वाटत होतं. त्याने लावलं नाही. तो नुसता थांबला. फोनमधून त्याचा श्वास ऐकू येत होता.

"दोन."

आणि तीन यायच्या आत आईंनी डावा हात स्वतःच्या तोंडावर दाबून धरला.

– दोन. खातं चालू राहील. बंद करायचा अर्ज मी रद्द करतोय. बरोबर?

हाताआडून मान: हो.

– काकू, आणखी एक. तुमचा उजवा हात हललेला दिसला नाही मला. डाव्या अंगठ्याची नोंद करता येते. करायची? एक म्हणजे हो, दोन म्हणजे नाही.

– एक.

तो पुन्हा थांबला, बराच वेळ. पुढे काही आलं नाही.

– मग टेकवा.

आम्हाला हे सुचलंच नव्हतं. इतके महिने घरात दुसरा अंगठा होता.

कॉल संपला. नवरा दाराला हात न लावता उभा होता. मग म्हणाला, "आई, आत येऊ का?"

"हो," आतून आलं.

त्याने दार थोडं ढकललं आणि उंबऱ्यावरच थांबला, मान कुठे हलते ते बघत.