निळ्या हातांच्या बायांची नात

सून पहिल्यांदा घरात आली ती खैरुन्निसाच्या पुढ्यात गुडघ्यांवर बसली. खैरुन्निसाला वाटलं, पोरीचं कानातलं पडलंय, म्हणून तीही वाकून सोफ्याखाली शोधायला लागली. लेक वाजिद हसून बेजार. मग त्यानं समजावलं की तिच्या योरुबा लोकांत थोरांना असाच सलाम करतात. त्यावर खैरुन्निसानं सांगून टाकलं, आमच्यात अल्लाशिवाय कुणापुढे गुडघे टेकत नाहीत, तेव्हा उठ आणि चहा ठेव.

बाई अशीच होती. नवरा उस्मान गेल्यावर लेकानं तिला दाभोळहून कुवेतला, अबू हलीफातल्या फ्लॅटवर आणलं, आणि तेव्हापासून त्या घरात मिठाचा डबाही तिला विचारल्याशिवाय जागा सोडत नसे. शाळा म्हणाल तर सही येईपर्यंतची. वाजिद इस्पितळात एक्स-रे काढायचा, सून लतीफत तिथंच नर्स. नायजेरियातल्या अबेओकुटा गावची, पाच वक्त नमाजी. नावाच्या शेवटी तो 'त' कशाला लटकवलाय, असं खैरुन्निसा येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारायची, तेही सुनेच्या देखत. सुनेला इस्पितळातली हिंदी चांगली येत होती, हे तिला ठाऊक होतं.

लतीफत मात्र सलाम करायचं थांबली नाही. सासू भाकरी थापत असली की 'ए कू इशे', म्हणजे कामात असलेल्या माणसाला सलाम. बाजारातून आली की दुसरा. आणि एकदा खैरुन्निसा नुसतीच खिडकीशी समुद्र बघत बसलेली, तर पोरगी म्हणाली, 'ए कू जोको'. बसलेल्या माणसाला सलाम. खैरुन्निसानं तोंडावर म्हटलं की तुमच्या गावात दुसरा धंदा नाही वाटतं. पण ते तिच्या मनात राहिलं. संसारात ती इतकी वर्षं बसली होती, तिच्या बसण्याला सलाम करणारं कुणी भेटलं नव्हतं.

मग मुलगी झाली. इस्पितळातून घरी आणली त्याच दुपारी अबेओकुटाहून फोन आला, लतीफतच्या आजीचा. आईविना वाढलेल्या लतीफतला त्या म्हातारीनंच मोठं केलेलं. सगळे तिला इया आग्बा म्हणत, म्हणजे थोरली आई. फोनच्या काचेत सुरकुतलेला काळाभोर चेहरा आला आणि म्हातारी बाळाकडे बघून गायला लागली. गाणं नव्हे, बोलणंही नव्हे. शब्द वर चढत, खाली उतरत. खैरुन्निसानं विचारलं, ही काय म्हणते? वाजिद म्हणाला, बाळाची तारीफ करते.

झालं. चार दिवसांच्या लेकराची तोंडावर तारीफ? तिच्या दाभोळात गोऱ्यागोमट्या पोराला 'काय माकड दिसतंय' म्हणतात, नजर लागू नये म्हणून. खैरुन्निसानं फोन उपडा घातला, सुक्या मिरच्या आणि मीठ मुठीत घेऊन बाळावरून उतरवलं आणि तव्यावर टाकलं. घरभर खकाणा उठला. सगळे खोकत बाल्कनीत. लतीफत खोकली नाही. ती बाळाला छातीशी धरून भिंतीकडे तोंड करून रडत होती.

संध्याकाळी वाजिदनं आईला बसवून सांगितलं. इया आग्बा आठव्या दिवशी नाव ठेवायला यायची होती, तिकीटही काढलं होतं, पण घसरून पडली आणि डॉक्टरांनी विमान बंद केलं. ती म्हणत होती ती ओरीकी. मुलीच्या मागे कोण कोण उभं आहे, त्यांनी काय काय केलं, ते तिला तिच्या नावासकट ऐकवायचं. हे घरातल्या म्हाताऱ्या बाईनं म्हणायचं असतं, बाळाला मांडीवर घेऊन, टाळूवर श्वास पडेल असं. फोनला श्वास नसतो. म्हातारी म्हणूनच घाईनं निदान आवाज तरी पोचवत होती.

खैरुन्निसानं उठून तवा घासायला घेतला.

लतीफतनं तेव्हा हळू आवाजात सांगितलं की लहानपणी ताप आला की आजी हेच म्हणायची. परदेशी नोकरीला निघाली त्या दिवशीही म्हटलं, आणि ती मागं न बघता विमानात चढली. "अम्मी, ही तारीफ बाळाची नाही," ती म्हणाली. "बाळानं अजून काय केलंय? ही तिच्या मागच्यांची आहे. आता तिला कोण सांगणार?"

सकाळी खैरुन्निसानंच फोन लावायला लावला. माफी मागायची तिला सवय नव्हती. तिनं इया आग्बाला दुखावलेल्या कंबरेचं विचारलं आणि हळद-दूध घ्यायला बजावलं. म्हातारीनं पलीकडून लतीफतला एकच विचारलं, ते तिनं सासूला सांगितलं. "घरात एक म्हातारी आहे ना? मग रडतेस कशाला?"

तशी शिकवणी सुरू झाली. वाजिद कागदावर लिहून देतो म्हणाला, तर खैरुन्निसानं झिडकारलं. कागदावरून वाचायला ती काय बातम्या देणार होती? इया आग्बालाही कागद नको होता. तिनं हुकूम सोडला, आधी चवळी भिजवा. भिजलेली चवळी दोन्ही तळव्यांत चोळायची, सालं पाण्यावर येतात ती ओतून द्यायची, मग वाटून, फेटून तेलात सोडायची. त्याला आकारा म्हणतात. खैरुन्निसा म्हणाली, हे तर वडेच, फक्त यांना नाव ठेवायची हौस. पण चोळता चोळता म्हातारी एकेक ओळ सोडायची, आणि हात त्या ठेक्यावर चालायला लागले तशी जीभही चालायला लागली. एकच शब्द वर चढवला तर एक होतो, खाली सोडला तर भलताच. खैरुन्निसाला खाडीपलीकडच्या तरवाल्याला, होडी आणायला, घातलेली हाक आठवली. ती हाकही अशीच चढवावी-उतरवावी लागायची, नाहीतर पाण्यावरच विरायची. त्या सुरात तिनं ओळ म्हटली, आणि पलीकडे म्हातारी हसली.

आणि ओळींतून काय काय निघालं! मोठ्या लढाया झाल्या तेव्हा माणसं पळून एका प्रचंड खडकाखाली लपली. खडकानं त्यांना झाकलं, म्हणून गावाचं नावच अबेओकुटा, म्हणजे 'खडकाखाली'. तिथल्या बाया कापडावर कोंबडीच्या पिसानं खळीची नक्षी काढत आणि कापड निळीत बुडवत. हात कोपरापर्यंत निळे, न्हाऊनही जात नसत. त्या बायांची नावं म्हातारी घेत होती, आईची आई, तिची आई, तिचीही आई, जणू सगळ्या शेजारच्या खोलीत बसल्यात. खैरुन्निसाचे हात चवळीच्या पाण्यातच राहिले. तिला आपल्या आजीचं नाव ठाऊक होतं. त्याच्या मागे नुसता अंधार.

आठव्या दिवशी हॉल भरला. एका बाजूला शहरातल्या शर्कच्या मासळीबाजारातून सुरमई घेऊन आलेले दाभोळवाले, दुसरीकडे डोक्याला ताठ रुमाल बांधलेल्या लतीफतच्या मैत्रिणी. बाळाच्या ओठाला मध लावला, मिठाचा कण लावला, आणि खैरुन्निसानं आपल्याकडून इथल्याच वफ्राच्या मळ्यातल्या खजुराचा गर. नाव ठेवलं हुस्ना, आणि योरुबातलं अजोके, म्हणजे सगळ्यांनी मिळून लाडानं वाढवायची ती. फोन समोर टेकवून ठेवला होता. इया आग्बा खाटेवर उठून बसली होती.

खैरुन्निसानं नातीला मांडीवर घेतलं. कानामागे काजळाचा ठिपका तिनं आधीच लावून घेतला होता. तेवढं कुणाला न विचारता. मग टाळूवर तोंड आणलं आणि सुरू केलं. अजोके, खडकानं छत्र धरलं त्यांची पोर. अजोके, निळ्या हातांच्या बायांची नात. ज्यांच्या दारातलं पाणी रस्त्यावर सांडलं की रस्ता आभाळ होतो.

मैत्रिणींतली एक डोळे पुसू लागली. आणि पुढची ओळ गेली. पार गेली. फोनमधून म्हातारी ओठ हलवत होती, पण आवाज तुटत होता. लतीफतनं सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात खैरुन्निसा खाडीवरच्या हाकेच्याच सुरात, आपल्या भाषेत बोलून गेली.

"हुस्ना, रबियाची पणती. पुरुष दर्यावर गेले तेव्हा जिनं जाळी विणली, घर विझू दिलं नाही, तिची पणती. इथल्या खजुराची गलबतं जिच्या धक्क्याला लागली, त्या दाभोळची पोर."

आपल्या आईचं, रबियाचं नाव इतक्या लोकांत कुणी मोठ्यानं घेतल्याचं खैरुन्निसाला आठवत नव्हतं. बाळ डोळे उघडून बघत होतं. नजर उतरवायला उठू पाहणारा हात खैरुन्निसानं मांडीवरच दाबून धरला. मग चवळीचा ठेका धरून तिनं विसरलेली ओळ ओढून आणली आणि शेवटपर्यंत पोचली.

लतीफत पुढे येऊन गुडघ्यांवर बसली. या वेळी खैरुन्निसानं तिला चहा ठेवायला सांगितलं नाही. डोक्यावर हात ठेवला.

फोनमध्ये इया आग्बा काहीतरी विचारत होती. मधली ती ओळ कुणाची, असं विचारत होती. लतीफतनं सांगितलं. म्हातारी म्हणाली, रबियाही अजोकेच्या मागचीच झाली, तिची ओळ मला यायला हवी. आणि तिथल्या तिथे म्हणायला लागली, "रोबिया... दाबोल..."

"दाभोळ," खैरुन्निसा फोनजवळ सरकली. "जीभ वळव, बाय. उद्या चवळी भिजव आणि फोन कर."