पुसायचं राहिलेलं कुंकू

मी मोटर बोलतेय. विहिरीवरची पिटुकली नव्हे, भरल्या ओझ्यासकट उठणारी. स्लिप रिंगची. क्रेनला, दगड फोडायच्या यंत्राला आमचीच जात लागते.

माझ्या पोटात फिरतो तो रोटर. त्याच्या तारांची टोकं तीन पितळी कड्यांना, म्हणजे स्लिप रिंगांना, जोडलेली, कड्यांवर कार्बनचे ब्रश टेकलेले. त्या वाटेनं बाहेरच्या पेटीतला विजेचा अडथळा रोटरला जोडतात, म्हणून थोड्या विजेत मी जड ओझं हलवते. वेग आला की त्या पेटीचं हँडल एकेक घर पुढे सारायचं, अडथळा कमी करत जायचा. कड्या मात्र कोरड्या पाहिजेत.

सदुसष्ट साली मला खाप्याकडच्या मँगनीज खाणीवर बसवलं. भरल्या ट्रॉल्या दोरानं चढावर ओढायच्या. हँडलवर देवाजी. खाली ट्रॉलीला आकडा लावायला चंपतराव. त्याची बायको बायजाबाई वर दगड निवडायची आणि वीज बंद करून माझ्या कड्या फडक्यानं पुसायची. चढावर ट्रॉली धरून ठेवणाऱ्या ब्रेकचा पट्टा झिजला होता. देवाजी सांगून थकला. मालक म्हणायचा, दिवाळीनंतर बघू. कोणत्या दिवाळीनंतर, ते नाही सांगितलं.

एका दसऱ्याला मालकीण तुळसाबाई पूजेला आली. तेलात कालवलेलं कुंकू तिनं माझ्या कड्यांना फासलं. तेल नका लावू, आग निघते, असं बायजाबाई सांगायला गेली.

"मोटर सवाशीण आहे. तिच्या बांगड्या कोऱ्या काहून ठेवता वं?" तुळसाबाईनं तिला गप्प केलं.

दुसऱ्या दिवशी देवाजी म्हणाला, "पुसून टाक वं. ट्रॉली भरून राहिली."

बायजाबाईनं फडकं उचललं, परत ठेवलं. "धनी खाली हाये गा. माह्या हातानं कुंकू पुसू काय?"

देवाजीनंही नाही पुसलं. हँडल ओढलं. तेलामुळे ब्रश नीट टेकेनात, ठिणग्यांचा जाळ झाला, माझा जोर गेला. ट्रॉली अर्ध्या चढावर अडली आणि उलटी घसरली. ब्रेकनं धरलं नाही. चंपतराव मागेच होता.

चौकशी झाली. दोष माझा निघाला. पट्ट्याचं नाव कोणी घेतलं नाही.

मला ट्रकवर चढवताना बायजाबाई आली. कपाळ रिकामं. पदरानं तिनं तिन्ही कड्या पुसल्या, लख्ख होईपर्यंत. काय उपयोग?

आता मी कामठी रोडच्या भंगारात आहे. उद्या तांबं काढतील. यंत्राला हार घाला, नारळ फोडा, पण कड्यांना बोट लावू नका. लागलंच कुंकू तर बिनधास्त पुसा. बायजाबाईचं सौभाग्य त्या झिजल्या पट्ट्याला लटकलं होतं.

खाणीवर नवी मोटर बसली म्हणतात. पट्टा तोच आहे. दसरा येईलच.