समेटाचा रविवार

सुवर्णाबाईंनी कागद शेवटपर्यंत वाचला, त्याच्या चार घड्या घातल्या आणि पाळकांच्या टेबलावर परत ठेवला.

“हे मी म्हणणार नाही.”

“शब्द अवघड वाटत असतील तर बदलू,” पाळक म्हणाले. “रविवारी नागपूरहून पाहुणे येताहेत. विषयच आहे, शांती करणारे. तुम्ही वंदनाच्या खांद्यावर शाल घालायची, दोन वाक्यं बोलायची. आपल्या चर्चच्या मंडळीची केवढी साक्ष होईल!”

कागदावर लिहिलं होतं, ‘माझ्या पतीला माझ्यापासून हिरावून घेणाऱ्या या भगिनीला मी आज क्षमा करते.’

सुवर्णाबाई डोणगावात अंगणवाडी चालवायच्या. नऊ वर्षांपूर्वी त्यांचा नवरा याकोब टेम्पो घेऊन मेहकरला गेला, तो तिकडे वंदनाच्या घरीच राहिला. वंदना भाजीपाला पिकवणाऱ्या घरातली विधवा. याकोबला घरात घेतलं म्हणून तिच्या भावांनी तिचं नाव टाकलं. पोळ्याच्या सुमारास याकोब छातीच्या दुखण्यानं गेला, आणि गेले तीन रविवार वंदना बसनं डोणगावच्या चर्चमध्ये येत होती. ‘माझ्यामागं तुले कोणी नाही, तिथं जात जाय,’ असं त्यानंच सांगून ठेवलं होतं म्हणे. हे कानावर आलं तेव्हा सुवर्णाबाईंना हसावं की ओरडावं कळेना. नऊ वर्षांत स्वतः पायरी चढला नाही, आणि हिला पाठवलं!

वंदना शेवटच्या बाकावर बसायची. ती बसली की त्या बाकावरच्या बाया उठून पुढं जायच्या.

“पाळकसाहेब,” सुवर्णाबाई म्हणाल्या, “तो तिकडं राह्यला तवा मी याच खुर्चीत येऊन बसली होती. याद आहे? म्हटलं, चाला, त्याले दोन शब्द समजावून सांगा. तुम्ही म्हणले, बाई, प्रार्थना करा, घरची गोष्ट बाहेर काढू नका, शांती राखा. मी राखली. आता तो मेला, तरी मीच राखू?”

पाळकांनी चष्मा काढून पुसला. “मनात राग ठेवून चर्चमध्ये प्रभुभोजनाची भाकर कशी घेणार, सुवर्णाबाई?”

त्या उठल्या. घरी येऊन त्यांनी फळीवरची घासलेली भांडी काढली आणि पुन्हा घासली.

रविवारी चर्चमध्ये नवं बॅनर लागलं होतं. पाहुण्यांना हार घातले, दोन गीतं झाली. सुवर्णाबाई तिसऱ्या बाकावर आपल्या जागी बसल्या होत्या. आपण नाही म्हटलंय, तेव्हा विषय मिटला, अशी त्यांची समजूत. पण पाळकांनी माईक हातात घेतला आणि वंदनाला पुढं बोलावलं.

वंदना दचकली. पदर सावरत, दोन्ही बाजूंच्या माणसांकडं न बघता, ती पुढं येऊन उभी राहिली. पाळकांच्या पत्नी संजीवनीताई ताटात शाल घेऊन तयारच होत्या. सगळी मंडळी सुवर्णाबाईंकडं बघू लागली. मागं कोणीतरी मोबाइल उंच धरला.

सुवर्णाबाई जागच्या हलल्या नाहीत.

क्षणभर वाट पाहून पाळक कसनुसे हसले. “सुवर्णाबाईंचं मन भरून आलंय. तोवर वंदनाबाई आपली साक्ष देतील. बोला, बाई. काय चूक झाली ते प्रभूसमोर सांगून टाका. मन मोकळं होईल.”

माईक वंदनाच्या हातात आला. तिनं तो दोन्ही हातांनी धरला. तोंड उघडलं, पण आवाज फुटेना. नुसता श्वास मोठा होऊन भिंतीवरच्या स्पीकरमधून ऐकू येत राहिला. बायांच्या बाजूला कोणीतरी खुदकन हसलं.

आपण कधी उठलो ते सुवर्णाबाईंना समजलंच नाही. त्या पुढं गेल्या आणि वंदनाच्या हातातून माईक काढून घेतला.

“कोण हसलं?”

बायांच्या बाकांवरून त्यांची नजर फिरली.

“याकोब या मंडळीचा होता. याच जागी त्याचं-माझं लग्न लागलं. शपथ त्यानं घेतली, मोडली बी त्यानंच. नऊ वर्षांत त्याले कोणी इथं उभं केलं नाही, आणि हिले तीन रविवारात उभं केलं. काऊन? तो मेला म्हणून, का ही बाई आहे म्हणून?”

“सुवर्णाबाई, पाहुणे आहेत...” पाळक कुजबुजले.

“पाहुणी ही बी आहे.” त्या मंडळीकडं वळल्या. “मी हिले माफ केलं नाही. करीन तवा करीन, ते हिच्यात न् माझ्यात. पण देवाच्या घरी आलेल्या माणसाले बसाले जागा देतात. त्याचा तमाशा नाही करत.”

माईक त्यांनी पाळकांच्या हातात दिला. ताटातल्या शालीकडं पाहिलंही नाही.

“चाल,” त्या वंदनाला म्हणाल्या.

तिसऱ्या बाकावरच्या बाया सरकल्या. सुवर्णाबाई बसल्या, शेजारी वंदना बसली. दोघींमध्ये एक माणूस बसेल एवढी जागा राहिली. पाहुण्यांनी घसा खाकरून प्रवचन सुरू केलं.

“बाई...” वंदना हळूच म्हणाली.

“बोलू नको माह्याशी.”

प्रवचन चालू राहिलं. बऱ्याच वेळानं, समोर बघतच, सुवर्णाबाईंनी विचारलं, “शेवटी जेवत होता काय तो?”

वंदनाला आधी उमगलंच नाही. मग ती म्हणाली, “भाकर गिळवत नव्हती. पेज देत होती मी.”

“मीठ टाकून?”

“हो. पण दोन घोट घेतले की तोंड फिरवे.”

सुवर्णाबाईंनी मान हलवली. पुढच्या बाकाच्या कडेवर त्यांचं बोट उगाचच फिरत राहिलं.

“लसणाची फोडणी दिली असती त वाटीभर पिला असता,” त्या म्हणाल्या. मग जरा थांबून, “तुले कोण सांगणार होतं म्हणा.”